जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि सुपर मारिओ ब्रदर्स एक्स: दोन महिने खेळून लिहिलेला रिव्ह्यू

चालतो. पहिल्यांदा हेच सांगून टाकते, कारण मी महिनाभर ज्याला त्याला विचारत होते तेव्हा सगळ्यांनी "विंडोजचा गेम आहे, लिनक्सवर कसा चालंल" एवढंच सांगितलं, आणि सोलापुरात नव्या पेठेतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात तर लॅपटॉप चालू करूनही न बघता "मॅडम, विंडोज टाकून घ्या, अठराशे होतील" म्हणले. तर सुपर मारिओ ब्रदर्स एक्स, आवृत्ती १.३, माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटमध्ये (विंडोजच्या जागी टाकायची फुकट सिस्टीम) वाईन नावाच्या प्रोग्राममधून चालतो, आवाजासकट चालतो, आणि दोन रिमोट लावून दोघांना एकदम खेळता येतो. एक रुपया लागला नाही, रिमोटचे पैसे सोडले तर. वेळ मात्र लागला, दोन संध्याकाळी आणि एक रविवार, आणि तो कुठं कुठं गेला ते लिहिते म्हणजे तुमचा जाणार नाही.

गेम माहीत नसंल त्यांच्यासाठी थोडक्यात. हा निन्टेन्डोचा गेम नाही, चाहत्याने बनवलेला आहे. अँड्र्यू स्पिंक्स नावाच्या अमेरिकन माणसाने २००९ मध्ये काढला, आणि याच माणसाने पुढं २०११ मध्ये टेरेरिया आणला, तो गेम तर जगभर गाजला. त्याने मारिओचे जुने गेम, म्हणजे १९८५ चा पहिला, मग दुसरा, तिसरा आणि सुपर मारिओ वर्ल्ड, या सगळ्यांतल्या विटा, कासवं, नळ, पानं, फुलं, योशी सगळं एका ठिकाणी आणलं आणि वर लेव्हल बनवायचा एडिटर दिला. मारिओ, लुइजी, पीच, टोड आणि लिंक असे पाच जण आहेत, प्रत्येकाची चाल वेगळी. लुइजी उंच उडी मारतो, पीच हवेत थोडा वेळ तरंगते, लिंककडं तलवार. फुकट आहे. कुणी सीडी किंवा पेनड्राइव्ह करून विकत असंल तर घेऊ नका, चित्रं आणि पात्रं निन्टेन्डोची आहेत आणि बनवणाऱ्याने पण कधी विकला नाही.

मला हाच का पाहिजे होता ते सांगते. लहानपणी आमच्या घरी गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतून आणलेला टीव्ही गेम होता, पिवळी कॅसेट, आत फुंकर मारून बसवायची. त्यात मारिओ दोघांचा होता पण आलटून पालटून. म्हणजे मी खेळत असताना भाऊ मांडीवर रिमोट धरून नुसता बघत बसायचा, मी मेले की त्याचा नंबर, आणि मी लवकर मरायचे नाही म्हणून तो रडायचा. या गेममध्ये दोघं एकाच वेळी पळतात. जवळ असले की एक स्क्रीन, लांब गेले की स्क्रीन मधून फुटतो आणि प्रत्येकाला आपापला तुकडा मिळतो, परत भेटले की जुळतो. हे मी एका व्हिडिओत बघितलं आणि ठरवलं की यंदा गड्ड्याला भाऊ पुण्याहून आला की हाच लावायचा.

लॅपटॉप पाचव्या जनरेशनचा आय थ्री, रॅम ४ जीबी, एसएसडी मी नंतर टाकली. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बिलिंगला आहे, ऑफिसने हा काढून टाकला तेव्हा घेतला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे हा बाद. मिंट २२ चं एक्सएफसीई, म्हणजे हलकं डेस्कटॉप असलेलं, टाकलं आणि मशीन परत जिवंत झालं. हे सगळं सांगायचं कारण की इतक्या साध्या मशीनवर चालतंय तर तुमच्याकडं पण चालंल.

आता वाईन. वाईन म्हणजे दारू नव्हे हे ऑफिसात दोनदा सांगावं लागलं मला. १९९३ पासून चाललेलं काम आहे ते, पहिली १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं, पंधरा वर्षं घासत होती ती माणसं. हा एम्युलेटर नाही. विंडोजचा प्रोग्राम "खिडकी उघड", "फाईल वाच", "आवाज काढ" असं विंडोजच्या भाषेत मागतो, वाईन ते ऐकून लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतं. दुभाष्या समजा. म्हणून जुन्या प्रोसेसरवर पण हळू होत नाही, प्रोसेसर तर तोच आहे, फक्त बोलणं बदलून दिलं जातंय. आमच्या सोलापुरात तेलुगू, कन्नड, मराठी एकाच गल्लीत चालतं, त्यामुळं दुभाष्या नुसता शब्दाला शब्द देऊन चालत नाही, समोरच्याला खरं काय पाहिजे ते कळावं लागतं, हे मला समजवायची गरज पडली नाही. वाईन जिथं अडतं तिथं नेमकं हेच कारण असतं, समोरच्याने मागितलेली वस्तू त्याच्याकडं नसते.

आणि या गेममध्ये ती वस्तू कुठली ते ओळखायला मला एक अख्खी संध्याकाळ गेली. मिंटमध्ये वाईन-इन्स्टॉलर नावाचं पॅकेज आहे, तेच टाका, ३२ बिटचे भाग पण सोबत येतात. मी आधी नुसतं ६४ बिटचं वाईन टाकून बसले होते, गेमवर डबल क्लिक केलं की काहीच व्हायचं नाही, एरर पण नाही. हा गेम व्हिज्युअल बेसिक सिक्समध्ये लिहिलाय, ते १९९८ चं, आणि त्यातून ६४ बिटचा प्रोग्राम निघतच नाही. त्यामुळं ३२ बिट पाहिजेच. दुसरं म्हणजे व्हिज्युअल बेसिकच्या प्रोग्रामला त्याची रनटाइम फाईल लागते. आजकालच्या विंडोजमध्ये ती आधीपासून असते म्हणून तिथं कुणाला कळत नाही, वाईनमध्ये आपण टाकायची. त्यासाठी विनट्रिक्स नावाचा मदतीचा प्रोग्राम आहे, त्यात व्हीबी सिक्स रन नावाची ओळ शोधून टिक करायची, ओके करायचं, ते स्वतः उतरवून घेतं. मी हे लावलं त्या दिवशी आमच्याकडं पाण्याचा दिवस होता, मोटार चालू करून टाकी भरायला वर गेले, खाली येईपर्यंत झालं होतं, आणि डबल क्लिक केलं तर स्क्रीनवर सगळी मंडळी इकडून तिकडं पळत होती. मी जोरात हाक मारून आईला बोलावलं, आईला काही कळलं नाही पण ती पण हसली.

एक मात्र नक्की करा. गेमसाठी वाईनचा वेगळा प्रीफिक्स करा, म्हणजे घरात वेगळी खोली केल्यासारखं, त्यात त्याची स्वतःची सी ड्राइव्ह, स्वतःची सेटिंग. आणि तो बनवताना ३२ बिटचा बनवा, नंतर बदलता येत नाही, पुसून परत करावा लागतो. मी पहिल्यांदा सगळं मूळच्या फोल्डरमध्येच कोंबलं होतं, काहीतरी बिघडलं की काय बिघडलं तेच कळंना, शेवटी सगळं काढून टाकून नवीन खोली केली. पहिल्यांदा उघडताना मोनो टाकायचं का असं विचारतं, या गेमला लागत नाही, नको म्हणा.

अजून एक, गेम कुठून उतरवता ते बघा. एका डाउनलोडच्या साइटवरून मी जी सेटअप फाईल घेतली होती तिने गेमच्या आधी तीन भलत्याच गोष्टी टाकायला मागितल्या, टूलबार आणि काय काय. कॅन्सल केलं आणि फाईल उडवली. साधी झिप मिळती, तीच घ्या, नुसती सोडवून प्रीफिक्समध्ये ठेवायची, इन्स्टॉल करायची भानगडच नाही. वाईनमध्ये आहे म्हणून व्हायरस काही करू शकत नाही असं समजू नका, तुमचं होम फोल्डर त्याला झेड ड्राइव्हमधून दिसत असतं.

मग आवाज. उड्यांचे, नाण्यांचे आवाज येत होते, गाणं नाही. गाणी एमपीथ्रीमध्ये आहेत आणि गेम ती स्वतः वाजवत नाही, विंडोजला वाजवायला सांगतो, वाईन ते पुढं लिनक्समधल्या जीस्ट्रीमरला, म्हणजे गाणी-व्हिडिओ वाजवणाऱ्या भागाला सांगतं, आणि जीस्ट्रीमरचे प्लगइन माझ्याकडं ६४ बिटचे होते. गेम ३२ बिट, मागणारा ३२ बिट, देणारा ६४ बिट, जमणार कसं. आय थ्री एट सिक्सचे, म्हणजे ३२ बिटचे, गुड आणि अग्ली नावाचे दोन्ही प्लगइन टाकले, गेम परत चालू केला आणि गाणं लागलं. त्या क्षणी खरंच अंगावर काटा आला. लहानपणीच्या टीव्हीचा स्पीकर फाटका होता, त्यात हे गाणं इतकं स्वच्छ मी कधी ऐकलंच नव्हतं.

चित्राबद्दल एक गोष्ट ठासून सांगते कारण याच्यात लोक फार वेळ घालवतात. कुणीही विचारलं की पहिलं उत्तर मिळतं डीएक्सव्हीके टाका, ग्राफिक्स ड्रायव्हर बदला. या गेमला त्याचा काडीचा उपयोग नाही. डीएक्सव्हीके डायरेक्ट थ्रीडीसाठी आहे, हा गेम थ्रीडीच्या वाटेला जातच नाही, तो विंडोजच्या अगदी जुन्या पद्धतीने एकावर एक चित्रं चिकटवतो. गेमचं ग्राफिक्सचं फोल्डर उघडून बघा, प्रत्येक चित्राच्या जोडीला काळं-पांढरं दुसरं चित्र आहे, तोच त्याचा मुखवटा, कुठला भाग दिसायचा आणि कुठला नाही ते त्यावरून ठरतं. मला हे फार आवडलं, एवढी साधी युक्ती आणि तरी सेकंदाला ६४ च्या आसपास फ्रेम देतो. मला फरक पडला तो दोन गोष्टींनी: एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये जाऊन कंपोझिटर, म्हणजे खिडक्यांना सावली-पारदर्शकपणा देणारा भाग, बंद केला तर पळताना येणारा झटका गेला, आणि वाईनच्या सेटिंगमध्ये (वाईनसीएफजी) ग्राफिक्सच्या टॅबमध्ये व्हर्च्युअल डेस्कटॉप चालू केला. गेम ८०० बाय ६०० चा आहे, फुल स्क्रीन केला की सगळ्या लॅपटॉपचंच रिझोल्यूशन बदलून टाकत होता आणि बाहेर पडल्यावर डेस्कटॉपवरचे आयकॉन एका कोपऱ्यात गोळा. व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये त्याला त्याची चौकट मिळती आणि तो बाहेर हात घालत नाही.

रिमोटचं प्रकरण सगळ्यात मोठं. पार्क चौकाजवळून दोन यूएसबी गेमपॅड आणले, साधे, ते प्लेस्टेशनसारखे दिसतात तसले, मधे एक अ‍ॅनालॉग लिहिलेलं बटण आणि त्याच्यावर लाल दिवा. लावले, मिंटने लगेच ओळखले, गेमच्या ऑप्शनमध्ये पण दिसले, बटणं चालू, उडी चालू, पण क्रॉसचं बटण दाबलं तर मारिओ जागचा हलंना. वाईनचं कंट्रोल पॅनल उघडून गेम कंट्रोलरच्या टेस्टमध्ये बघितलं. क्रॉस दाबलं की पीओव्ही नावाचा दिशेचा बाण हलायचा, आणि शेजारच्या चौकोनातला एक्स-वायचा काटा गप्प. गेम एक्स-वायकडं बघत होता. मग सहज त्या अ‍ॅनालॉगच्या बटणावर बोट पडलं, लाल दिवा विझला, आणि परत क्रॉस दाबलं तर एक्स-वायचा काटा टोकाला गेला. एवढंच होतं. दिवा लागलेला असला की क्रॉस वेगळा आणि गोल काठी वेगळी, विझला की क्रॉसच काठीचं काम करतं. दोन दिवस मी वाईनला दोष देत होते. दिवा विझवा, झालं. आता आमच्याकडं खेळायला बसताना भाचाच आधी सांगतो, "आत्या, लाल लाईट बंद केलीस का?"

दोन पॅड सारखेच असले तर कुठला पहिला आणि कुठला दुसरा ते लावायच्या क्रमावर ठरतं, म्हणून मी एका पॅडच्या वायरीला ऑफिसातला टॉवेलचा लाल दोरा बांधलाय, लाल दोरावाला आधी लावायचा. आणि गेम उघडायच्या आधी लावायचे, मधेच काढून परत लावले तर ओळखत नाही.

गड्ड्याच्या दोन दिवस आधी भाऊ आला. रात्री जेवणं झाल्यावर एचडीएमआयने टीव्हीला जोडलं, त्याला काही सांगितलं नाही, नुसता रिमोट हातात दिला. त्याने सवयीने मांडीवर ठेवला आणि बघत बसला. म्हणलं अरे तुझा पण चालू आहे, दाब की. "एकदम? दोघं?" म्हणला आणि मग रात्री दीडपर्यंत आम्ही उठलो नाही. तो पुढं पळाला, स्क्रीन फुटला, मी मागं विटा फोडत बसले, तो खड्ड्यात पडला, मी थांबले त्याच्यासाठी. "अक्का, लै भारी आहे गं हे" एवढंच म्हणत होता सारखं.

आता एडिटर. हाच या गेमचा जीव आहे असं माझं मत, आणि वाईनमध्ये सगळ्यात कुरकुर इथंच आहे. पहिल्यांदा उघडला तर एक ओसीएक्स फाईल नाही म्हणून एरर दिली, ती पण विनट्रिक्समध्ये कॉमडीएलजी थर्टीटू ओसीएक्स नावाने मिळती. मग उघडला, पण विटा, शत्रू, पार्श्वभूमी यांच्या छोट्या खिडक्या मुख्य खिडकीच्या मागं जाऊन लपायच्या, वीट निवडली की वीट ठेवेपर्यंत खिडकी गायब. व्हर्च्युअल डेस्कटॉप मोठा करून १२८० बाय ७२० केला तेव्हा सगळं शेजारी शेजारी बसलं. अधूनमधून बंद पडतो, रनटाइम एररची चौकट येती आणि खलास, मधे सेव्ह नसंल तर गेलं सगळं. हे विंडोजवर पण होतं असं खेळणारे सांगतात, त्यामुळं वाईनला मी यात मार्क कापत नाही. दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची सवय लावून घ्या.

तरी भाच्याने, नववा चालू आहे त्याला, तीन दिवसांत एक लेव्हल केली. सुरुवात भुईकोट किल्ल्याच्या भिंतीपासून, करड्या विटांचे बुरूज, मग खाली उतरलं की पाणी, पाण्यात मधोमध पिवळ्या विटांचं देऊळ, म्हणजे आपलं सिद्धेश्वर. पाण्यात मासे अंगावर येतात ते चुकवत देवळापर्यंत पोहायचं. देवळाच्या पायऱ्या त्याने बरोबर मोजून आणल्या होत्या का ते मी विचारलं नाही, पण तळ्याच्या कडेने जायची जी वाट आहे ती त्याने बरोबर ठेवलीये, डावीकडून. मी ती लेव्हल पंधरा वेळा तरी खेळले असंन.

दुसरा रस्ता पण आहे आणि तो सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धाच राहील. स्पिंक्सने २०२० मध्ये या गेमचा सोर्स कोड खुला केला, आणि त्यावरून सगळं सी प्लस प्लसमध्ये परत लिहून द एक्सटेक नावाचं इंजिन तयार झालं. ते थेट लिनक्सवर चालतं, वाईन नाही, व्हीबी नाही, ३२ बिटचं काही नाही. मी ते पण टाकलं. दहा मिनिटांत चालू, गाणं पहिल्याच वेळी वाजलं, पॅड मधेच काढून लावला तरी चालतो, पूर्ण स्क्रीनवर चित्र ताणून स्वच्छ दिसतं आणि लॅपटॉपचा पंखा पण कमी फिरतो. जुने एपिसोड, म्हणजे लेव्हलचे संच, त्यात टाकले तर ते पण चालले, भाच्याची लेव्हल सुद्धा. लेव्हल बनवायला मूनडस्ट नावाचा एडिटर आहे, तो पण लिनक्सवर थेट चालतो, जुन्यापेक्षा पुष्कळ मजबूत, पण खिडक्या आणि पर्याय इतके आहेत की भाच्याने अर्ध्या तासात सोडून दिला आणि परत जुन्याकडं गेला.

म्हणून माझं स्पष्ट मत: नुसतं खेळायचं असंल तर द एक्सटेक घ्या, वाईनच्या वाटेला जाऊ नका. घरात लहान पोरं असतील आणि त्यांना स्वतः लेव्हल करून बघायच्या असतील तर वाईनमध्ये मूळ गेम लावायचा त्रास घ्या, तो जुना एडिटर एका पोराला कुणी न शिकवता कळतो, वीट उचल, वीट ठेव, खेळून बघ. आमच्याकडं दोन्ही आहेत, वाईनमध्ये बनवायचं आणि द एक्सटेकमध्ये टीव्हीवर खेळायचं. वाईनवरच्या मूळ गेमला पाचपैकी साडेतीन, अर्धा कापला तो एडिटरच्या खिडक्यांसाठी, एक तो पॅड मधे काढू देत नाही आणि सुरुवातीला इतकं काही लावावं लागतं म्हणून. द एक्सटेकला साडेचार.

बॅकअपचं राहिलं. सेव्ह फाईल एपिसोडच्या फोल्डरमध्येच असते, त्यामुळं गेमचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केलं की सगळं आलं, प्रगती पण. भाऊ पुण्याला परत गेला तेव्हा तसंच दिलं त्याला. त्याच्या लॅपटॉपवर विंडोज आहे, तिथं वाईन लागायचा प्रश्नच नव्हता. परवा फोन आला, भाच्याने देवळाच्या मागं अजून एक नळ टाकलाय आणि आत काय आहे ते सांगत नाही, फाईल पाठवतो म्हणाला, मी ऑफिसवरून आले की लावून बघणार आहे.